पहिला मीटर : ड्रोन स्थिरपणे कसा उठतो?

फवारणीच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक असलं की बांधावर माणसं जमतात, आणि ड्रोन उठण्याआधीच कोणीतरी विचारतं, "हे यंत्र हवेत आपोआप तोल सांभाळतं म्हणता, मग उठतानाच कसं काय उलटतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. पन्नास फुटांवर वाऱ्यात ठाम उभा राहणारा ड्रोन जमिनीपासून वीतभर वर येताना कलंडतो, पाती मोडून घेतो आणि हंगामाच्या ऐन दिवसांत दुरुस्तीला जातो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न आता चार हौशी पोरांपुरता उरलेला नाही. पैठण, गंगापूर, वैजापूरची कपाशी, कन्नड-सिल्लोडचा मका आणि आलं, या पिकांवर फवारणीसाठी ड्रोन येऊ लागले आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान ठरलं. मराठवाड्यातल्याच परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं शेतीत कशी वापरायची यासाठी स्वतंत्र प्रकल्प चालवला. यंत्र गावात पोहोचलं आहे. ते जमिनीवरून नीट उठवणं हा आता रोजच्या कामाचा भाग झाला आहे.

या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं : ड्रोन उठताना पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा आकाशात नसतं. ते जमिनीवर, मोटरी सुरू होण्याच्या आधीच तयार झालेलं असतं. म्हणूनच ते टाळताही येतं.

१. चार माणसांनी धरलेलं यंत्र

अनेक पंख्यांनी उडण्याची कल्पना विमानाच्या बालपणाइतकीच जुनी आहे. १९०७ मध्ये फ्रान्समधल्या दुए गावी लुई ब्रेगे, त्यांचे बंधू जाक आणि प्राध्यापक शार्ल रिशे यांनी चार कोपऱ्यांवर चार मोठे पंखे असलेलं यंत्र बांधलं. माणसाला घेऊन ते जमिनीपासून थोडं वर उठलं. पण त्याच्या चारही बाजूंना चार माणसं ते धरून उभी होती, कारण तोल सांभाळण्याची सोयच यंत्रात नव्हती. वर जाण्याचा प्रश्न सुटला होता, सरळ राहण्याचा सुटला नव्हता.

पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज द बोथेझाट यांनी आणि १९२४ मध्ये फ्रान्समध्ये एत्येन ओमिशेन यांनी अशी यंत्रं खरोखर उडवली. ओमिशेन यांनी १४ एप्रिल १९२४ रोजी ३६० मीटरचं अंतर कापून विक्रम केला. तरीही हा प्रकार मागे पडला, कारण चार पंख्यांचा जोर क्षणोक्षणी कमी-जास्त करणं माणसाच्या हातांना झेपत नव्हतं.

ते झेपलं ते थेट एकविसाव्या शतकात, तेही मोबाइल आणि व्हिडिओ गेमच्या कृपेने. यंत्र किती वेगानं कलतंय हे मोजणारा गायरो हा संवेदक नखाएवढा आणि स्वस्त झाला. २०१० च्या सुमारास जगभरच्या हौशी मंडळींनी निन्टेंडोच्या गेम खेळण्याच्या रिमोटमधले गायरो काढून घरी ड्रोन बनवले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली होती. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढत जाणारा ड्रोन त्यांचाच. दुएला चार माणसं जे काम करत होती, ते आता काडेपेटीएवढी पाटी करू लागली.

२. तळहातावरची काठी

ती पाटी नेमकं काय करते हे लहानपणीच्या एका खेळातून कळतं. तळहातावर काठी उभी धरायची आणि पडू द्यायची नाही. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे न्यावा लागतो. जास्त कलली तर जास्त न्यावा लागतो. ती झपाट्यानं परत येत असेल तर हात आधीच आवरावा लागतो, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला जाते. आणि वारा एकाच बाजूने लागत असेल, तर हात कायमचा थोडा त्या अंदाजाने ठेवावा लागतो.

ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ती पाटी, हेच तीन हिशेब सेकंदाला शेकडो वेळा करते : किती कललं, किती वेगानं कलतंय आणि कल बराच वेळ एकाच बाजूला राहिलाय का. जी बाजू खाली गेली तिकडच्या मोटरींचा वेग ती वाढवते, समोरच्या बाजूचा कमी करते. तिसऱ्या हिशेबात दुरुस्ती साठत जाते, आणि उठण्याच्या क्षणी हीच साठवण घात करू शकते. त्याकडे चौथ्या भागात येऊ.

वळण्याचा प्रश्न वेगळा. पंखा एका दिशेनं फिरला की ड्रोनचं धड उलट दिशेनं फिरू पाहतं. म्हणून निम्मे पंखे घड्याळाच्या दिशेनं आणि निम्मे उलट फिरवतात. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये कर्णावरचे दोन एका दिशेचे असतात, सहा पंख्यांच्या ड्रोनमध्ये एकाआड एक. दोन्ही गटांचा पीळ सारखा असेल तोवर ड्रोनचं तोंड सरळ राहतं.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत आहे. कोणती मोटर कोणत्या कोपऱ्यावर आहे आणि ती कोणत्या दिशेनं फिरते, हे पाटीला बरोबर सांगितलेलं असलं पाहिजे.

३. चुकीच्या कोपऱ्यावरचं पातं

उठताक्षणी उलटणाऱ्या ड्रोनमधला नेहमीचा गुन्हेगार इथेच सापडतो. दोन दिशांच्या पंख्यांची पाती वेगवेगळ्या पिळाची असतात. धुऊन-पुसून परत बसवताना एखादं पातं चुकीच्या मोटरवर गेलं तर ते हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलतं. तो कोपरा उठत नाही.

इथवर नुकसान थोडंच आहे. पुढे जे घडतं ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. पाटीला दिसतं की एक कोपरा खाली राहिला, म्हणून ती त्याच मोटरला आणखी वेग देते. पातं उलटं असल्यामुळे तो कोपरा आणखी खाली दाबला जातो. पाटी आणखी वेग देते. सावरण्यासाठी बांधलेली यंत्रणाच ड्रोनला जोर लावून उलटवते आणि हे सगळं एका सेकंदात उरकतं. रिमोटवर अंगठा कितीही तयार असो, माणसाला मध्ये पडायला वेळच मिळत नाही. मोटरींच्या तारा अदलाबदल झाल्या, किंवा पाटी आडवी-उलटी बसवून तिला ते कळवलं नाही, तरी परिणाम हाच.

उपाय सोपा आहे. पाती काढून ठेवायची, मग सॉफ्टवेअरमधून एकेक मोटर हळू फिरवून पाहायची : सांगितलेल्या कोपऱ्यावरचीच फिरली का, सांगितलेल्या दिशेनंच फिरली का. पाती बसवल्यावर मोटरवरची आणि पात्यावरची खूण जुळवायची. दुरुस्तीनंतर प्रत्येक वेळी हे करावं, घाई असली तर नक्कीच करावं.

गायरो आणि कल मोजणारा संवेदक यांची तयारीही जमिनीवरच होते. बॅटरी जोडल्यावर पहिले काही सेकंद गायरो 'स्थिर म्हणजे काय' हे शिकून घेत असतो. त्या वेळी ड्रोन हातात धरून चालत राहिलं तर तो हालचालीलाच स्थिरता समजू शकतो. तसंच, 'सपाट म्हणजे काय' हे उतरत्या अंगणात शिकवलं तर ड्रोन उठल्यावर इमानेइतबारे त्याच उताराला सपाट मानतो आणि एका बाजूला सरकत राहतो. तिथे दोष शिकवण्याचा असतो.

४. ढेकूळ, धसकट आणि हवेचा उलटा मार

आता जमिनीकडे येऊ. मराठवाड्याचं काळं रान सपाट कधीच नसतं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा, कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांची धसकटं. ड्रोनचा एक पाय धसकटात किंवा चिखलात अडकला आणि बाकीचे सुटले, तर पूर्ण ड्रोन त्या पायाभोवती फिरू लागतो. थोड्या कलापर्यंत तो सावरतो. त्यापलीकडे पंख्यांचा जोर वर नेण्याऐवजी आडवा लागतो आणि जोर वाढवावा तसा ड्रोन लवकर पालथा होतो. हेलिकॉप्टरचे वैमानिक या प्रकाराला फार जपून असतात.

याच ठिकाणी ती साठवण आड येते. समजा ड्रोन थोडा कललेल्या ढेकळावर उभा आहे आणि चालवणारी भीतभीत थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा जोर वाढवणारा रिमोटवरचा दांडा, थोडासाच वर करून थांबली आहे. पंखे फिरताहेत, पण उचलण्याइतका जोर नाही. पाटीला कल दिसतो, ती दुरुस्ती पाठवते, पाय जमिनीवर असल्यामुळे कल जात नाही. मग ती दुरुस्ती साठवत जाते. अखेर जोर पुरेसा होतो, पाय सुटतात आणि साठलेली सगळी दुरुस्ती एकदम बाहेर पडते. ड्रोन उलट बाजूला उसळी मारतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रोन जमिनीवर असेपर्यंत ही साठवण दाबून ठेवण्याची सोय असते. तरी अर्ध्या थ्रॉटलवर रेंगाळण्याची सवय वाईटच.

तिसरी गोष्ट हवेची. पंखा जमिनीजवळ असला की खाली ढकललेल्या हवेला निघून जायला वाट अपुरी पडते, म्हणून तेवढ्याच ताकदीत उचल जास्त मिळते. चीजमन आणि बेनेट या इंग्रज संशोधकांनी १९५५ मध्ये एका पंख्यासाठी दिलेलं सूत्र लावलं, तर पंखा स्वतःच्या त्रिज्येइतक्या उंचीवर असताना उचल सुमारे ७ टक्के वाढते, निम्म्या त्रिज्येवर जवळपास ३३ टक्के. अनेक पंख्यांच्या ड्रोनखाली हवेचे झोत एकमेकांवर आपटून पुन्हा वर येतात, त्यामुळे गोंधळ अधिक. एक पंखा बांधावर आणि दुसरा खोलगट सरीवर असेल तर दोघांची उचल सारखी राहत नाही. शिवाय उंची मोजणारा संवेदक हवेच्या दाबावर चालतो. पंख्यांनी खाली दाबलेल्या हवेमुळे दाब वाढतो आणि ड्रोनला काही क्षण आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटतं. धूळ उडते ती वेगळीच. ती मोटरींत आणि कॅमेऱ्यावर जाते, चालवणाऱ्याच्या डोळ्यांतही.

तेव्हा पहिला मीटर हा थांबण्याचा टप्पा नाही. थ्रॉटल ठामपणे पण झटका न देता वर न्यायचा, ड्रोन दीड-दोन मीटरवर आणायचा आणि मगच थांबून निरखायचं. नवशिक्याला उलट वाटतं. जमिनीजवळ राहिलो तर पडलं तरी कमी लागेल, असा त्याचा हिशेब असतो. पण पडण्याचा संभव सर्वांत जास्त तिथेच असतो.

५. वजनाचं गणित आणि मे महिन्याची हवा

समजा सहा पंख्यांचा एक ड्रोन बॅटरीसह १४ किलोचा आहे आणि टाकीत १० लिटर पाणी आहे. एकूण २४ किलो. हवेत नुसतं तरंगायचं तर प्रत्येक मोटरला ४ किलो उचलावे लागतील. प्रत्येक मोटरची कमाल उचल साडेसात किलो धरली तर सगळ्या मिळून ४५ किलो, म्हणजे वजनाच्या सुमारे १.९ पट. टाकी रिकामी असताना हेच प्रमाण ३.२ पट होतं.

हे जास्तीचं बळ वेगानं वर जाण्यासाठी लागतं असा समज आहे. खरं तर ते लागतं सावरण्यासाठी. खाली गेलेला कोपरा उचलायचा तर तिथल्या मोटरकडे शिल्लक हवी. ती आधीच जवळपास पूर्ण ताकदीनं फिरत असेल तर पाटी आज्ञा देत राहते आणि मोटर ती पाळू शकत नाही. म्हणून निर्मात्याने सांगितल्यापेक्षा लिटरभर जास्त औषध भरणं म्हणजे वेळेची बचत करत तोलाची शिल्लक खाणं.

त्यात हवामान भर घालतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तापमान सारखं असलं तरी इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. आता इथलीच दोन टोकं घ्या. जानेवारीतली १२ अंशांची सकाळ आणि मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार. गणित केलं तर दुपारची हवा सकाळपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ निघते. पंखे तेवढ्याच वेगानं फिरले तर उचलही तेवढीच घटते : वरचे ४५ किलो साडेचाळीसवर येतात आणि १.९ पट १.७ वर. तेच वजन तोलायला पंखे पाचेक टक्के जास्त वेगानं फिरवावे लागतात, ताकदही तेवढीच जास्त लागते आणि बॅटरी लवकर उतरते. भर दुपारी तापलेल्या रानातून वर चढणारी हवा आणि वावटळी यांचा त्रास आहेच. फवारणी सकाळ-संध्याकाळी करावी असं औषधासाठी सांगतात, ते ड्रोनसाठीही तितकंच खरं आहे.

टाकी अर्धी असेल तर पाणी हिंदकळतं आणि वजनाचा मध्य सरकतो. चांगल्या टाकीत आडपडदे असतात ते त्यासाठीच. बॅटरी मात्र नेहमी ठरलेल्या खाचेत, घट्ट पट्ट्यानं बांधलेली हवी. चार बोटं सरकलेली जड बॅटरी एका बाजूच्या मोटरींना पूर्ण उड्डाणभर जास्त राबवते.

६. काळा पाषाण आणि होकायंत्र

वेरूळची लेणी, देवगिरीचा कडा आणि शेतातला काळा दगड एकाच बेसाल्टचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो थिजला आणि थिजताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांत तेव्हाच्या पृथ्वीचं चुंबकत्व कोरलं गेलं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडातलं हे चुंबकत्व मोजलं आणि त्यावरून आपला भूखंड एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता याचा भक्कम पुरावा मिळाला. असा हा दगड ड्रोनच्या डिजिटल होकायंत्राला, म्हणजे कंपासला, उघड्या खडकावर थोडंफार भुलवू शकतो.

त्याहून मोठे फसवे मात्र माणसाने केलेले आहेत. सळई भरलेला स्लॅब, पत्र्याची शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, बोअरचा लोखंडी केसिंग. कंपास चुकला तरी ड्रोन सरळ उठतो, म्हणून चूक लगेच दिसत नाही. ती दिसते जीपीएसच्या आधाराने जागेवर थांबताना. ड्रोन वाऱ्याने पूर्वेला सरकला, त्याला पश्चिमेला यायचं आहे, पण पश्चिम कुठे हेच चुकीचं माहीत आहे. तो तिरका जातो, पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा तिरका जातो. बघता बघता वाढत्या वर्तुळात घिरट्या सुरू होतात. अशा वेळी जीपीएसचा आधार सोडणारी पद्धत निवडून ड्रोन हाताने खाली आणावा लागतो, आणि हे कौशल्य आधी शिकलेलं असावं लागतं.

म्हणून उड्डाणाची जागा लोखंडापासून लांब, उघड्या रानात असावी. कंपासची जुळवणी तिथेच करावी, खिशातला मोबाइल आणि हातातलं कडं बाजूला ठेवून. जीपीएसला पुरेसे उपग्रह मिळून परतीची जागा नोंदली जाईपर्यंत थांबावं.

७. नकाशा, मग रिमोट

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचा स्मॉल गटात येतो. फवारणीचे नेहमीचे ड्रोन या तिसऱ्या गटातले, म्हणून ते चालवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी अडचण संभाजीनगरची खास आहे. चिकलठाण्याचा विमानतळ शहराला अगदी लागून असल्यामुळे आसपासच्या आकाशावर निर्बंध आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे असे निर्बंध नसलेल्या, पट्ट्यात आहे का हे आधी पाहायचं. बीबी का मकबरा किंवा वेरूळ-अजिंठ्यासारख्या संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही.

नकाशा पाहून झाला की रानात क्रम असा. ड्रोनची शेपटी आपल्याकडे, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. वारा आपल्या पाठीवर, म्हणजे औषध अंगावर येत नाही. ड्रोनपासून दहा मीटर तरी लांब, माणसं आणि जनावरं आपल्या मागे. पाती हाताने फिरवून तडा आहे का पाहायचं. मग मोटरी सुरू करून दोन-तीन सेकंद कान देऊन ऐकायचं. एखाद्या मोटरची खरखर किंवा धडाचा थरथराट ऐकू आला तर तिथेच बंद. नसेल तर ठामपणे दीड-दोन मीटर वर आणि तिथे अर्धं मिनिट. मागे-पुढे, डावी-उजवीकडे थोडं हलवून पाहायचं. स्टिक सोडल्यावर ड्रोन जागेवर थांबतो का, एका बाजूला सरकतो का, तोंड हळूहळू फिरतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पिकाकडे जायचं नाही. आणि दिवसाचं पहिलं उड्डाण रिकाम्या टाकीनं किंवा थोड्या साध्या पाण्यानं. काही बिघडलंच, तर कीटकनाशक रानात सांडत नाही.

ड्रोन दीदींच्या पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात ड्रोन चालवण्यासाठी पाच दिवस ठेवलेले आहेत, उरलेले दिवस खत आणि औषध फवारणीच्या शिक्षणाला. त्या पाच दिवसांतले निदान काही तास सपाट मैदान सोडून खऱ्या काळ्या रानात, ढेकळांत आणि वाऱ्यात उड्डाण उठवण्यासाठी द्यायला हवेत. ग्रामपंचायतींनीही एक छोटं काम मनावर घ्यावं : शिवारात लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून दूर, दहा फूट बाय दहा फुटांची एक जागा मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून सपाट करून द्यावी. खर्च एखाद-दुसऱ्या ट्रॉलीचा आहे, आणि गावातल्या बचत गटाचा लाखो रुपयांचा ड्रोन रोज सकाळी तिथूनच उठणार आहे.